दलालानं शेळी बघितली का?

ॲपच्या दुकानात आपल्या शंभर रुपयांतले तीस मधला माणूस ठेवून घेतो, हे मी वडिलांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मला वाटलं ते भडकतील. ते मांडी सावरून बसले आणि म्हणाले, "त्यानं शेळी बघितली का?"

आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तरुणपणी त्यांचा स्वतःचा कळप होता. कळपामागं चालून चालून गुडघे गेले तेव्हा ते पाचोडच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांची दलाली करू लागले, आणि पुढं तीच त्यांची ओळख झाली. त्यांच्या लेखी दलाल म्हणजे जो जनावराचं तोंड उघडून दात बघतो, कास चाचपतो, घेणाऱ्या-देणाऱ्याला एका जागी उभं करतो, आणि उद्या शेळी आजारी निघाली तर दोन्हीकडच्या शिव्या खातो.

"ह्यानं ह्यातलं काय केलं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. त्याचं दुकान आहे. ॲप तिथं ठेवायचं, लोक तिथून घेतात."

"दुसरी वाट नाय?"

"असली तरी नसल्यासारखीच."

"मग त्यो दलाल नाय गं. त्यो येशीवर जकात घेणारा नाकेदार हाय." आणि मग अगदी मनापासून म्हणाले, "पण लई हुशार दिसतोय. कुठं बसतो त्यो? एकदा च्या पाजला पायजे त्याला."

हे ॲप म्हणजे अण्णांचा आवाज. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायची. करमाडकडं जाणारी ती रोजची बस सोडून दिली आणि शहरातल्या पुंडलिकनगरच्या घरी बसून स्वतःचं काहीतरी करायचं ठरवलं. त्या दिवसांत माझ्या ओळखीतली निम्मी माणसं शेळ्या पाळायच्या नादाला लागली होती. शेती गावाकडं, नोकरी शहरात, आणि शनिवार-रविवार शेळ्यांचं शेड. शेळीचं पोट फुगलं की यांच्याच पोटात गोळा यायचा. मग ते अण्णांना फोन करायचे. मी म्हटलं, हेच बोलणं रेकॉर्ड करून ॲपवर टाकू. दात बघून वय कसं ओळखायचं, व्यालेल्या शेळीला काय द्यायचं, बोकड घेताना कुठं फसतात. पहिली चार रेकॉर्डिंगं फुकट, पुढच्यांना महिन्याची थोडी वर्गणी.

पहिल्या दिवशी फोन समोर ठेवला तर अण्णा गार! बाजार गाजवणारा माणूस, पण तोंडातून शब्द निघेना. "समोर कोणी नाय तर बोलू कोणाशी?" मग त्यांनीच खांद्यावरची दस्ती काढली, म्हणजे त्यांचा तो मोठा रुमाल, आणि म्हणाले, "हात दे हिकडं."

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आपल्या आणि गिऱ्हाइकाच्या हातावर दस्ती टाकतो आणि खाली बोटं दाबून भाव सांगतो. एक बोट धरलं की एक हजार, अख्खा पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. अण्णांना त्या दस्तीखाली हात असल्याशिवाय बोलताच येत नव्हतं. मग काय, सगळी रेकॉर्डिंगं अशीच झाली. फोन मध्ये, माझा हात दस्तीखाली, आणि अण्णा महत्त्वाच्या शब्दाला माझं बोट दाबायचे. लहानपणी त्यांनी कधी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. मला ते फार आवडायचं, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

ॲप चाललं. बाजारात अनोळखी माणूस अण्णांचं बोलणं ऐकून थबकायचा. "ह्यो तर फोनमधला आवाज!" अण्णा घरी येऊन हे तीन-तीनदा सांगायचे, आणि दर वेळी थबकलेला माणूस जरा जास्त मोठ्या गावचा असायचा.

मग ते वाक्य आलं. गाभण शेळी कशी घ्यावी, हे सांगून झालं, मी कुकर बघायला आत गेले, आणि बाजारातल्या सवयीनं अण्णा ओघात चालू फोनला शेवटी म्हणाले, "आणि हे वर्गणीचे पैसे तिथं भरू नका बरं का, त्यो मधला लई घेतो. पाचोडला बाजाराच्या दिवशी गाठा नायतर फोन लावा, पोरगी स्वस्तात देईल." तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि ते थांबले. मी संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकलं, शिट्टी कापली, त्या वाक्यावर पोट धरून हसले आणि ते तसंच राहू दिलं. म्हटलं, इथली आमची बोली तिकडं कोणाला कळणार आहे!

कळली. काही दिवसांनी इंग्रजीत पत्र आलं. गिऱ्हाइकाला बाहेर पैसे भरायला सांगितलं, नियम मोडला, ॲप दुकानातून काढून टाकलं. बोंबला! मी तणतणत बाहेरच्या खोलीत गेले आणि अण्णांना म्हणाले, "उचलली जीभ लावली टाळ्याला! काय गरज होती ते बोलायची?"

सख्ख्या बापाला मी हे बोलले. आता लिहितानाही कानशिलं गरम होतात.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. "तू ऐकलं नव्हतंस व्हय ते?"

"ऐकलं असतं तर ठेवलं असतं का?" मी म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तेवढं वाक्य कापून ॲप परत लावता आलं असतं. पण अण्णा म्हणाले, "कापायचं तर सगळाच आवाज काप. माझ्या जिभेपायी तुझा धंदा नको बसायला." आणि त्यानंतर ते फोनसमोर बसलेच नाहीत. ॲप बंदच पडलं, दस्ती खांद्यावरच राहिली. बाजारातून आले की काही सांगत नसत. जेवायला बसले की हवं-नको खुणेनं सांगायचे. घर कसं चिडीचूप झालं! रोज मी ठरवायची, आज सांगून टाकू, की ऐकलं होतं, मीच ठेवलं होतं. आणि रोज काहीतरी काम निघायचं. भित्री कुठली!

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मोबाईलवर बातमी वाचली. तिकडं परदेशात छोटी छोटी ॲपं करणारे लोक एकत्र येऊन कोर्टात गेले होते आणि दुकानवाल्या कंपनीशी त्यांची तडजोड झाली होती. पैसे मिळणार होते ते तिथल्या लोकांना, आपल्याला त्यातलं काही नाही. पण एक नियम सैल होणार होता. इतर कुठं स्वस्त मिळतं, हे आता गिऱ्हाइकाला मेल पाठवून सांगता येणार होतं. मी तशीच उठले आणि अण्णांपुढं जाऊन बसले.

बातमी ऐकताना कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे लुकलुकले. त्यांना राहवेना. "म्हणजे बाजारात उभं राहून सांगायचं नाय, पण त्याच्या घरी जाऊन सांगितलं तर चालतंय?"

"हो, तसंच काहीसं."

"अजब हाय." त्यांनी दस्तीशी चाळा सुरू केला. "आपण बी भाव झाकतो. पण भोवतालच्यांपासून झाकतो. घेणाऱ्यापासून नाय. ह्यांनी तर घेणाऱ्याच्याच डोळ्यांवर दस्ती टाकली हुती की!" मग पुढचा प्रश्न. "आणि आपली बोली त्यांना कळली कशी? आपल्यातलाच कोणी फितूर असंल काय?"

"असेल. पोटापाण्याला तिथं बसला असेल कोणी जालन्याचा."

ते हसले. मी पण हसले. मग ते म्हणाले, "कोर्टानं काय सांगितलं? चूक कोणाची हुती?"

"तसं काही सांगितलं नाही. तडजोड झाली. दोघं बसले, ठरवलं, आणि मिटवलं."

"पण कंपनीनं चूक कबूल केली का नाय?"

"नाही अण्णा. तडजोडीत तसं नसतं. देणारा देतो, पण चूक झाली असं म्हणत नाही."

"असं व्हय." त्यांनी दस्ती खांद्यावर नीट बसवली. "म्हणजे हात सोडवून घेतला, तोंड नाय उघडलं. मला तर पटत नाय बाई. बाजारात शेळी खराब निघाली तर आम्ही म्हणायचो, चुकलं. पैसे मागनं दिले तरी चालायचे, पर चुकलं हे आधी म्हणायला लागायचं. त्याबिगर पुढच्या बाजारी तुमच्या दस्तीखाली कोणी हात घालत नाय."

ते कंपनीबद्दल बोलत होते. पण ते लागलं मला. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला स्वच्छ कळलं.

"अण्णा," मी म्हणाले, "ते वाक्य मी ऐकलं होतं. चांगलं दोनदा ऐकलं. मला हसू आलं म्हणून ठेवलं. चूक माझी होती आणि मी तुम्हाला बोलले. चुकलं माझं."

अण्णांनी मान हलवली, चहा गोड झालाय असं सांगितल्यावर हलवतात तशी. मग त्यांनी खांद्यावरची दस्ती ओढली, माझा हात धरला आणि वर दस्ती टाकली.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "मी ते लावून ऐकलं हुतं की. माझं वाक्य संपलं तेव्हा कुकर वाजला हुता. फोनमधी कुकर नाय, वाक्य हाय. शिट्टी ऐकू आली तुला आणि बाप नाय ऐकू आला?"

डोळे भरून आले आणि नाक वाहायला लागलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"तू कधी बोलतीस ते बघत हुतो," अण्णा म्हणाले, आणि माझा अख्खा पंजा त्यांनी घट्ट धरला. "लाव आता त्यो फोन."