दोरीच्या वरच्या टोकाला

मीनल गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात तिचीच दोरी होती. मुलुंडचा तरणतलाव, सकाळची वेळ; ती आली नव्हती, म्हणून दोरी मी धरलेली. तळाशी आमचे दोन विद्यार्थी, त्यांच्या मास्कच्या काचांना काळा कागद चिकटवलेला. मुंबईच्या समुद्रात स्वतःचा हात दिसत नाही. तिथल्या शेवाळाचा, शिंपल्यांचा अभ्यास करायचा तर मुलांनी आधी चाचपून काम करायला शिकावं, ही तिचीच पद्धत. वरच्या माणसाशी बोलायचं ते फक्त दोरीनं. एक ओढ म्हणजे ‘ठीक?’, उलट एक ओढ म्हणजे ‘ठीक’. लागोपाठ चार म्हणजे ‘वर घ्या’. वरच्या टोकाला हात काचू नये म्हणून तिनं आपली जुनी निळी ओढणी गुंडाळून शिवून टाकली होती. “दादा, ताई गेली... झोपेतच,” तिचा भाऊ सांगत होता, आणि तेवढ्यात खालून एक ओढ आली. मी उलट ओढ दिली. ठीक.

आम्ही दोघं एकाच विभागात समुद्रजीवन शिकवायचो. ती वेंगुर्ल्याची, चालण्याआधी पोहलेली. मी गोवंडीत वाढलो, आणि आमचं मूळ गाव असं, की तिथे पाणी बघायचं ते टँकरमधून सांडताना. विद्यार्थ्यांना पाण्याखालचं संशोधन शिकवायचं ठरलं तेव्हा ‘मला जमणार नाही’ म्हणायची मला लाज वाटली. पहिल्यांदा पाठीला हवेची टाकी बांधून मी तलावाच्या काठावर उभा राहिलो, तर ही शेजारी.

“काय रे मेल्या, घाबारलंस?”

“छे गं.”

“मग दात का वाजतायत?”

“पाणी गार आहे.”

“अजून उतरला नाहीयेस तू!”

मग मात्र हसणं थांबवून म्हणाली, “घाबर, बिनधास्त घाबर. फक्त दोरीवर खोटं बोलू नकोस.”

मी बोललो. हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मालवणला मुलांना न्यायच्या आधी जागा बघायला आम्ही दोघंच उतरलो होतो, एकाच दोरीची दोन टोकं आपापल्या कमरेला बांधून. ती खडकावर चौकट ठेवून आतली पोवळी मोजत होती. एकाएकी तळाचा गाळ उठला आणि पाणी ताकासारखं झालं. ती दिसेना, वर-खाली कळेना. कानात फक्त श्वासाचा आवाज, आणि तो माझाच आहे याची खात्री वाटेना... एक ओढ आली. मी ‘ठीक’ म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा आली, जरा हळू, जणू तिला कळलं होतं. मी पुन्हा ‘ठीक’. चार ओढी दिल्या असत्या तर तिनं मला धरून सावकाश वर आणलं असतं. त्याऐवजी मी हातपाय झाडत सरळ वर सुटलो, आणि दोरीमागून ती फरफटत आली. इतक्या झपाट्यानं वर आलं की पाण्याचा दाब एकदम बदलून कान फाटतो; होडीत तिनं कानावरचा हात काढला तेव्हा बोटं लाल झाली होती.

तिचा डावा कान गेला. डॉक्टरांनी पाण्याखाली जाणं कायमचं बंद केलं. विभागात चौकशी झाली तेव्हा ती म्हणाली, “सर्दी होती मला. उतरायलाच नको होतं.” मी शेजारच्या खुर्चीत चहा पीत होतो. पीतच राहिलो.

त्यानंतर ती वर दोरी धरून उभी राहायची आणि मुलांबरोबर मी खाली जायचो. मुलं म्हणायची, विलास सर म्हणजे मासा. मासा दर वेळी थरथरत उतरायचा, वर तिची मूठ आहे एवढ्याच भरवशावर.

शेवटचा भेटलो ते तिच्या घाटकोपरच्या घरी. धीर करून म्हणालो, “मीनल, मालवणला त्या दिवशी मी...”

“डाव्या बाजूला बसलायस. काही ऐकू येत नाही,” ती म्हणाली आणि हसली. पण बाजू बदलायला सांगितलं नाही.

आता मालवणची फेरी तोंडावर आहे. तिच्या भरवशावर उतरणारा माणूस कुणाची पोरं खाली नेणार? गेल्या आठवड्यात मुलांना तलावाच्या पायऱ्यांवर बसवलं आणि सगळं सांगितलं. मग ऋचा, बॅचमधली सगळ्यांत तोंडाळ मुलगी, म्हणाली, “म्हणजे सर, तुम्हाला अजून भीती वाटते?”

“दर वेळी.”

“मग आधी तुम्ही जा. दोरी मी धरते. बघू, खरं बोलता का.”

काळा मास्क चढवून उतरलो. तळाच्या फरशीला गुडघे टेकले आणि तेच पांढरं पाणी डोळ्यांपुढे आलं. वरून एक ओढ आली... बोटं सवयीनं ‘ठीक’ म्हणायला निघाली होती. मी थांबलो. मग चार ओढी दिल्या.

दोरी लगेच ताणली गेली. घाईनं नाही, सावकाश, मीनलनं शिकवलं होतं तशी. मास्क काढला तेव्हा ऋचा काठावर गुडघ्यांवर बसली होती. ओढणी एका जागी विटून पांढरी पडली आहे, मीनलच्या मुठीएवढीच. ऋचाची मूठ नेमकी तिथे होती.

“पुन्हा जाणार, सर?”

“जरा दम घेऊ दे,” मी म्हणालो. “सोडू नकोस.”