नावच न घेता झालेली बोलणी

नरडाण्याच्या आसपासच्या गावांत बेबाबाईंनी शंभरावर लग्नं जमवली. लहानथोर सगळे त्यांना आक्काच म्हणत. बोलणी करावी तर आक्कांनीच. त्यांचा नियम एकच: आधी पोरगा समोर बसवा, मग सुपारी फोडा. एका ठिकाणी "पोरगा बाहेरगावी आहे, फोटो बघून घ्या" म्हणाले, तर आक्का चहाला हातही न लावता उठून आल्या होत्या.

त्याच आक्का दोन वर्षं मूग गिळून बसल्या. त्यांचा पोरगा जितेंद्र परदेशात वायरमन होता. भर उन्हात काम करता करता त्याचा जोडीदार पडला आणि गेला. जितेंद्रनं त्याचा व्हिडिओ टाकला, तर दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्याला उचललं. त्या देशात सत्तेपुढे ब्र काढायची सोय नाही. खटला नाही, वकील नाही, घरी एक फोन नाही. आपल्या परराष्ट्र खात्यातले साहेब मात्र दर वेळी म्हणत, "बोलणी चालू आहेत, आक्का. गाजावाजा करू नका, फिसकटतील." शब्द ओळखीचा, म्हणून आक्कांनी विश्वास ठेवला. बातमीसाठी दारात आलेल्या पेपरवाल्यालाही त्यांनी हात जोडून परत पाठवलं.

मग एक दिवस टीव्हीवर दिसलं: दोन्ही देशांचा करार झाला, हार पडले, टाळ्या वाजल्या. आठवड्यानं साहेब धुळ्याला आले. त्यांनी आक्कांना सरकारी विश्रामगृहावर बोलावलं. मुलगी ज्योत्स्ना सोबत गेली.

"चर्चा फार सौहार्दाची झाली," साहेब म्हणाले. "मानवी हक्कांचा मुद्दाही निघाला. प्रयत्नांबद्दल कुटुंब समाधानी आहे, अशी या कागदावर सही करा."

"तुमीन जितेंद्रनं नाव लिधं का?"

"तसं एकेकाचं नाव घेत नाहीत, आक्का."

"तुमीन त्याले देखा का?"

"भेटीची परवानगी अजून मिळाली नाही."

"जित्ता शे का तो?"

साहेबांनी फाइल चाळली. "आमची तशी समजूत आहे."

आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्यासाठी बसायचं त्याचं नाव काढायचं नाही, त्याला पाहायचं नाही, आणि आईची सही तेवढी हवी! ही कसली मेली बोलणी? राग स्वतःचाही आला. दुसऱ्यांच्या पोरींसाठी भरल्या बैठकीतून उठणारी बाई, पोटच्या पोरासाठी गप्प बसली होती.

त्यांनी कनवटीची चंची सोडली आणि एक अख्खी सुपारी त्या कागदावर ठेवली.

"पहिले पोऱ्या दखाडा साहेब, मंग सुपारी फोडा."

"आक्का, बाहेर बोललात तर बोलणी..."

आक्का केव्हाच उठल्या होत्या. विश्रामगृहाच्या पायरीवरच त्यांनी ज्योत्स्नाला त्या पेपरवाल्याला फोन लावायला सांगितलं. फोन लागला, तशा आत साहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आक्का बोलल्या, "लिखी ल्या भाऊ. जितेंद्र सुकदेव देवरे."