कालचा सांबार

पोह्यांवरचा सांबार मी हल्ली बोटानं बाजूला सारतो, तरी वास येतोच आणि आष्टीचा आठवडी बाजार समोर उभा राहतो. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. मी तेव्हा कॉलेजात होतो, वक्तृत्वाची ढाल नुकतीच मिळाली होती, म्हणून बाबांनी भाजीच्या दुकानावर हाळी द्यायचं काम माझ्याकडे दिलं. ओल्या पोत्यावर आमच्याच वावरातल्या जुड्या होत्या, आदल्या दिवशीच्या, टोकं पिवळी पडलेल्या. मी खणखणीत आवाजात "ताजा सांबार, ताजा!" सुरू केलं. पाणी शिंपडणारा बाबांचा हात थांबला. "काऊन रे, कालच्याले ताजा काऊन म्हणून राह्यला? जसा हाय तसा सांग." मग मी भर बाजारात "कालचा सांबार, कालचा!" असं ओरडलो. लोक हसले. एक म्हातारी मात्र वाकली आणि म्हणाली, "कालचा तं कालचा, चटणीले चालते. दे एक जुडी." पुढं टीव्हीवर क्रिकेटचं समालोचन करताना मी तेवढंच करत आलो; रटाळ सामन्याला रटाळ म्हटलं आणि त्यापायी बोलणीही खाल्ली. बऱ्याच वर्षांनी एका सकाळी, सामन्याआधी पोह्यांची बशी हातात असताना, भावाचा फोन आला, "बाबा गेले रे." मला काहीच वाटलं नाही. मी पोहे संपवले, बशी खाली ठेवली. शेजारच्या समालोचकानं विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" "ठीक," मी म्हणालो आणि माइक सुरू केला.