कावेरीमावशीची बीक

खडोलीच्या दोऱ्याच्या कंपनीतली कावेरीमावशी सुजाता मॅडमच्या दारात जाऊन भीक मागून आली, ही बातमी बुधवारी सिल्वासात सुटली. गुरुवारी कळलं की ती उंबऱ्यावर बसली होती. शुक्रवारपर्यंत तिने पदर पसरला होता आणि मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या मधुरा मॅडमनी हे सगळं म्हणे दाराच्या फटीतून पाहिलं होतं. त्या जिन्यात भेटेल त्याला नाकातून सांगत होत्या की, बघा ना, एकोणीस वर्षं नोकरी करून माणसावर ही वेळ यावी.

यातलं खरं एवढंच, की मावशी मॅडमच्या दारात गेली होती. पण मागायला नव्हे, नाही म्हणायला.

सुजाता मॅडम मूळच्या नाशिकच्या, आणि त्यांचे यजमान उदय सर मावशीच्याच कंपनीत मॅनेजर. मॅडम ‘जिज्ञासा मंडळ’ चालवतात. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी कधी व्याख्यान, कधी गाण्याची संध्याकाळ, कधी दमणगंगेच्या काठाने माहिती सांगत फिरणं. मॅडम त्यातला ‘ज्ञ’ असा स्वच्छ काढतात की ऐकणाऱ्याला स्वतःचे दात घासून आल्यासारखं वाटतं. कंपनीत मात्र सगळे त्याला जिग्नासा म्हणतात, आणि सुपरवायझर कल्पेशभाईंना बरेच दिवस ते कुणा बेनचं नाव वाटत होतं.

या मंडळात कुणीतरी म्हणालं, बारा वर्षं सिल्वासात काढली, पण कारखान्याच्या आत काय चालतं ते पाहिलं नाही. झालं, सहल ठरली. माहिती द्यायला आधी उदय सर पुढे आले. त्यांनी घरी पडद्यावर आलेख दाखवत सराव केला आणि चौथ्या आलेखाला मॅडमचा डोळा लागला. जाग आल्यावर मॅडम म्हणाल्या, तुम्ही नको, जिचे हात मशीनवर असतात ती बोलू दे. कल्पेशभाईंनी एका श्वासात नाव दिलं. ते म्हणाले, कावेरीबेन. अख्ख्या शेडमध्ये तिलाच सगळं पहिल्या वेळेला समजतं.

हे कळलं आणि मावशीने ठरवलं, नाही म्हणायचं.

कारण मावशीला ऐकू येत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या. मग डावा कान गेला, डोक्यावर लोणच्याची बरणी पालथी घातल्यासारखा. उजव्यात थोडं उरलं होतं, तेही समोरचा मोठ्याने बोलला तर. शेडमध्ये हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. पीळ देणारी ती लांबलचक मशीन चालू असली की तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. चिमटीने ओढल्यासारखं केलं की धागा तुटला. दोन बोटं फिरवली की बॉबिन भरली. मिशीवर ताव दिला की कल्पेशभाई येतायत. एकोणीस वर्षांत मावशीचे डोळे असे तयार झाले होते की शेडच्या या टोकाला उभी राहून ती त्या टोकाची भांडणं वाचायची.

पण शेडच्या बाहेर ती रोज धास्तावलेली असायची. दोन वर्षांपूर्वी पॅकिंगमधल्या एका माणसाची नजर अधू झाली. कंपनीने त्याला हार घातला, फोटो काढला आणि गावाला पाठवलं. मावशीला तो हार अजून स्वप्नात दिसायचा. तिचं गाव शिरपूरच्या पुढे. तिथे जाऊन करायचं काय, आणि सरिताचं काय? मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. म्हणून मावशीने एक युक्ती धरली होती. समोरच्याचं बोलणं कळलं नाही की हसायचं आणि मान डोलवायची. लोक तिला मोठी समजूतदार म्हणायचे.

आता अडतीस परके लोक मागून, बाजूने, लांबून प्रश्न विचारणार होते. एकाचा जरी चुकला तरी संपलं.

म्हणून मंगळवारी ती सुजाता मॅडमकडे गेली. रिक्षात वाक्य घोकत गेली. मॅडमनी दार उघडलं तेव्हा आत मिक्सर चालू होता. मावशी घाईने म्हणाली, “मॅडम, मला बीक लागते.”

बीक म्हणजे गुजरातीत भीती. इतकी वर्षं शेडमधल्या गुजराती बोलणाऱ्या बायकांच्या आणि कल्पेशभाईंच्या संगतीत काढल्यावर भीती हा शब्द मावशीच्या तोंडून गळून पडला होता, आणि घरातला अहिराणी शब्द काही मॅडमच्या दारात चालला नसता. मिक्सरच्या घरघरीत मॅडमना ऐकू आलं ते वेगळंच. त्या कानापर्यंत लाल झाल्या.

“अहो कावेरीताई, भीक कसली? मानधन तुमचा हक्क आहे.”

असं म्हणून त्या शिऱ्याची वाटी आणायला वळल्या आणि पाठमोऱ्या बोलत राहिल्या. मावशीला दिसला फक्त अंबाडा. अंबाड्यावरून काही वाचता येत नाही. मॅडम परत वळल्या तेव्हा ओठांवर शेवटचे दोन शब्द उरले होते, “मग ठरलं.” मावशीने सवयीने काय केलं, तर ती हसली आणि मान डोलवली.

घरी आली तरी तिला कळलंच नव्हतं की आपण होकार देऊन आलोय. ते जयाने सांगितलं. जया तिच्या बाजूच्या मशीनवरची, गलोंडा गावची, जन्मापासून इथली. सगळ्या शेडमध्ये मावशीच्या कानांचं गुपित तिला एकटीला ठाऊक. बुधवारी ती जेवणाच्या सुट्टीत आली आणि हसून हसून तिच्या डब्यातलं वरण सांडलं. म्हणाली, तू बीक बोली, ती मराठीत भीक थाय, आता गाव बोलते की कावेरीबेन मांगवा गयेली. मावशीला हसू आलं नाही. लोक भिकारीण म्हणाले तरी चालेल, बहिरी म्हणायला नकोत, एवढंच तिच्या मनात आलं, आणि असं मनात आलं याचीच तिला जास्त भीती वाटली.

दोघींनी मग एक तोडगा काढला. कॅन्टीनमध्ये प्रश्नोत्तरं होतील तेव्हा जया समोरच्या भिंतीला टेकून उभी राहणार. प्रश्न आला की हातांनी सांगणार.

रविवारी चार वाजता पाहुणे आले. कडक इस्त्रीचे कुडते, बुटांच्या पॉलिशचा वास, मोबाइल वर धरलेले. गेटवर प्रत्येकाला कानात घालायला नारिंगी बुचं दिली. मावशीने ती एकोणीस वर्षांत पहिल्यांदा जवळून पाहिली. शेडमधल्या बायका वाया गेलेल्या दोऱ्याचे बोळे कोंबायच्या, तेही आठवण राहिली तर.

सुजाता मॅडमनी हातात माइक दिला. मावशीचे तळवे इतके ओले होते की तो सटकला. तिला वाटलं, आत्ताच पळावं, मागच्या गेटने, थेट बस स्टँड. तेवढ्यात कल्पेशभाईंनी मशीन सुरू केली.

आणि गंमत अशी की त्या क्षणी अडतीसच्या अडतीस लोक बहिरे झाले. माइकचा उपयोग संपला. मोठमोठे इंजिनिअर एकमेकांच्या कानात ओरडायला लागले, “काय? काय म्हणालात?” त्या गर्दीत सगळं कळणारी एकटी मावशीच उरली. तिने माइक मॅडमना परत दिला आणि हात वर केले. तुटलेला धागा दाखवला आणि त्याची खूण केली. भरलेली बॉबिन दाखवली, खूण केली. चाळीस फूट लांब उभ्या जयाला हातांनीच चहाचं विचारलं आणि जयाने आलं घालू का असं हातांनीच उलट विचारलं. लोक लहान मुलांसारखे बघत राहिले. पुण्याचा गौरव नावाचा तरुण इंजिनिअर बायकोकडे वळून पुटपुटला, ही शिकलेली किती असेल गं? मावशीने लांबूनच त्याला सात बोटं दाखवली. सातवी. गौरवचा चेहरा खडूसारखा झाला, आणि पुढची वीस मिनिटं तो तोंडावर हात धरून फिरला.

पण शेड संपते आणि कॅन्टीन येतं. दार बंद झालं तशी मशीनची घरघर मागे राहिली. लोकांनी बुचं काढली. ते सगळे पुन्हा ऐकायला लागले आणि मावशी पुन्हा बरणीत गेली.

पहिले तीन प्रश्न जयाने भिंतीवरून पोचवले. धागा कुठे जातो, पाळी किती तासांची, हात कापतो का. मावशीने उत्तरं दिली, आवाज शेडमधला, त्यामुळे पुढच्या रांगेतले दचकून मागे सरकले. उदय सर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे होते. मावशी दर उत्तरानंतर त्यांच्याकडे बघायची, घडी अजून तशीच आहे ना.

मग कल्पेशभाईंनी जयाला चहाचे कप आणायला पाठवलं.

मावशीने तिची पाठ दारातून जाताना पाहिली. आणि त्याच वेळी समोरचे सगळे चेहरे एकदम तिच्या उजव्या खांद्यामागे वळले. म्हणजे मागून कुणीतरी बोलत होतं. ती गर्रकन वळली. मागे मंजुळाबाई होत्या, निवृत्त शिक्षिका, धुळीची ॲलर्जी असलेल्या. तोंडावर मास्क. मास्कच्या आत काहीतरी हलत होतं, हलायचं थांबलं, आणि भुवया प्रश्नासारख्या वर राहिल्या.

वाचायला ओठच नव्हते. मावशीने सवयीचंच केलं. ती हसली आणि चांगली दोनदा मान डोलवली.

कॅन्टीनमध्ये काहीतरी बदललं, ते तिला ऐकू नाही पण दिसलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सुजाता मॅडमनी हात छातीवर नेला. उदय सरांची घडी सुटली. कप घेऊन जया दारात आली, कुणीतरी तिला काय झालं ते सांगितलं, आणि तिने ट्रे तसाच टेबलावर ठेवून मावशीला खूण केली. एक बोट कानाला. मग मूठ उघडून रिकामा तळवा. म्हणजे, कान गेले का, असं विचारलंय.

मंजुळाबाईंनी विचारलं होतं, एवढ्या आवाजात तुमचे कान गेले असतील ना हो? आणि मावशीने हसत हसत दोनदा हो म्हटलं होतं.

सारवासारव करता आली असती. चुकून मान हलली म्हणता आलं असतं. पण त्यासाठी पुढचा प्रश्न कळायला हवा होता, आणि त्याच्या पुढचा. तिने टेबलाची कड धरली.

“डावा गेला,” ती म्हणाली, भिंती हलतील अशा आवाजात. “उजवा थोडा शे. तीन वर्षं झाली. सांगितलं नही. बीक लागत होती.” मग सुजाता मॅडमकडे वळून तिने छातीवर मूठ आपटून दाखवली, धडधड, धडधड. “भीक नही मॅडम. बीक. ही.”

पाहुण्यांत आलेल्या मधुरा मॅडम जमिनीकडे बघत होत्या, म्हणून त्या काय पुटपुटल्या ते मावशीला वाचता आलं नाही.

सोमवारी सकाळी दहाला ऑफिसमधून बोलावणं आलं. उदय सरांची केबिन काचेची. मावशी बाहेर बाकावर बसली. आत सर आणि कल्पेशभाई बोलत होते आणि दार बंद होतं. दुसरं कुणी असतं तर छताकडे बघत बसलं असतं. मावशीला ती सोय नव्हती. डोळे आपोआप काचेवर गेले.

कल्पेशभाई म्हणाले, एकोणीस वर्षं, सर. सर म्हणाले, माहीत आहे मला. मग म्हणाले, मशीनवर ठेवणं शक्य नाही. आणि मग, अगदी स्वच्छ, काचेवर लिहिल्यासारखं, “काढून टाका.”

असं म्हणून सर मागच्या फळ्याकडे वळले आणि पुढचं सगळं त्यांच्या पाठीने खाल्लं.

मावशी बाकावर बसून राहिली. तिच्या डोळ्यांसमोर हार आला, झेंडूचा, ओला. सरिताचा कॉलेजचा पांढरा कोट आला. तिला वाटलं, आत बोलावतील तेव्हा उठताच येणार नाही. कल्पेशभाईंनी दार उघडून हात हलवला तेव्हा ती भिंतीला धरून आत गेली.

सर खुर्चीवरून उठून तिच्या अगदी समोर आले. एकेक शब्द सावकाश बोलले. त्या सोमवारपर्यंत ते मावशीशी कधी तिच्याकडे बघून बोलले नव्हते. म्हणाले की तिला मशीनवरून काढून टाकायला सांगितलंय. उद्यापासून नव्या मुलींना शिकवायचं, बाजूच्या खोलीत, आवाजापासून लांब. खुणांची ती भाषा सगळ्यांना पहिल्या आठवड्यात आलीच पाहिजे. शेडमध्ये सगळ्यांचे कान तपासले जातील आणि ती बुचं पाहुण्यांपुरती राहणार नाहीत.

मावशीने तीन वेळा विचारलं, गावाला नाही? सर तीन वेळा नाही म्हणाले. चौथ्यांदा मात्र ते म्हणाले की तीन महिने बघू, कसं जमतंय ते. हे ‘बघू’ मावशी अजून पदरात बांधून फिरते. खोलीत सोळा मुली तिच्या हातांकडे टक लावून बसतात, आणि दारात सावली दिसली की शिकवता शिकवता तिचा हात हवेत थांबतो.

मी मावशीच्या शेजारच्या खोलीतली. आमच्या चाळीत ही काचेची गोष्ट पोचली तेव्हा मी म्हटलं, मावशी, थापा. बंद काचेतून कुणाचं कोण वाचणार? मी खिडकीमागे उभी राहून आवाज न काढता पाच जणांच्या नकला करते, पाचही ओळखून दाखव, नाहीतर महिनाभर तुझ्या हातची कळण्याची भाकरी मला. ओळखल्यास तर दोन महिने तुझं दळण मी आणीन. माझी नक्कल अख्ख्या आमली भागात नावाजलेली, त्यामुळे दळणाचा मी विचारही केला नव्हता. सुजाता मॅडमचा ‘ज्ञ’ तिने ओळखला. मधुरा मॅडम ओळखल्या, कल्पेशभाई ओळखले, मंजुळाबाई मास्कसकट ओळखल्या. पाचव्याला मी डोकं चालवलं आणि मावशीचीच नक्कल केली, घाबरलेली, हसरी, मान डोलावणारी.

मावशी उठून काचेजवळ आली. मग खिडकी उघडून म्हणाली, “ही मी. पण मागच्या महिन्याची.”

काल गिरणीत मी मावशीच्या दळणाचा सातवा डबा उतरवला.