अकरा नंबर हाय

मंगळवारी दुपारी साताऱ्यात ऑफिसमध्ये बसून इस्लामपूरच्या एका हॉस्पिटलचं काम करत होते. म्हणजे हात तिकडच्या माणसाचे आणि धडधड माझी...

तिथले एक्स-रे, एमआरआय, पेशंटचे सगळे रिपोर्ट एका मोठ्या स्टोरेजमध्ये साठवलेले असतात. सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यामध्ये एक स्विच असतो. त्यातून स्टोरेजकडे जायला दोन रस्ते, पोर्ट नंबर तीन आणि पोर्ट नंबर अकरा. एक बंद पडला तरी दुसऱ्यावरून काम चालू राहतं.

काही दिवसांपासून फोटो उघडायला फार वेळ लागत होता. दोनपैकी एका पोर्टवर एरर येत होत्या. तो शोधून बंद करायचा आणि त्याची डायग्नोस्टिक टेस्ट घ्यायची, एवढंच काम. शिवाय सकाळीच आम्ही फोनवरून सांगून तिथे एक मर्यादा सेट करून घेतली होती... एरर त्यापुढे गेल्या की स्विच स्वतःच तो पोर्ट बंद करणार. खराब पोर्ट अडखळत चालण्यापेक्षा बंद झालेला बरा, सगळं काम मुकाट्याने दुसऱ्या रस्त्याने जातं.

पण चुकून चांगलाच पोर्ट बंद केला तर? सगळा भार खराब पोर्टवर येणार, एरर वाढणार आणि स्विच तोही बंद करणार. ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर रिकाम्या स्क्रीनकडे बघत उभे आहेत, हे चित्र सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे बाहेरून त्यांच्या सिस्टीमला जोडता येत नाही. तिथले आयटीवाले रजेवर. म्हणून फोनवर होते मुजावर मामा. हॉस्पिटलची लाईट, जनरेटर, लिफ्ट सगळं तेच बघतात. मी सांगायचं, त्यांनी क्लिक करायचं.

"घाबरू नगासा ताई," त्यांनीच मला धीर दिला. "लिफ्टमधी अडकल्याली मानसं भाईर काडतो मी. ह्यो तर नुसता डबा हाय."

स्क्रीनवर प्रत्येक पोर्टपुढे एररची पातळी लिहिलेली असते, हाय किंवा लो. मी विचारलं, "मामा, अकरा नंबर हाय का?"

"हाय की!"

सापडला... आता फक्त 'बंद करा' म्हणायचं बाकी होतं.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. ते कोयनानगरला वीजकेंद्रात ऑपरेटर होते. तिथे एखादा स्विच बंद करायचा आदेश आला, की ऐकणाऱ्याने तो शब्दन्‌शब्द परत म्हणायचा. समोरचा 'बरोबर' म्हणाला, की मगच हात लावायचा.

बाबांनी ही रीत घरी आणली. मी शाळेत जायच्या आधीपासून... "कोपऱ्यावरून मीठ आण" म्हटलं की "कोपऱ्यावरून मीठ आणते" म्हणायचं. ते 'बरोबर' म्हणेपर्यंत चप्पल घालायची नाही. ही सवय इतकी मुरली आहे की ऑफिसात मला पोपट म्हणतात. मलाही कधीकधी स्वतःचा कंटाळा येतो.

त्या दिवशीही तोंडातून गेलंच. "मामा, मी सांगते ते परत म्हणा. अकरा नंबर हाय, म्हणून अकरा नंबर बंद करतो."

"अकरा नंबर हाय, म्हनून..." मामा थांबले. "आवं ताई, हाय तर बंद कशाला करायचा?"

"त्याच्यावर एरर हाय आहेत ना?"

"त्येच्यावर कुटं यरर हाय? यरर तीनवर हाय! तीनफुडं तांबड्यात लिवलंय, एच आय जी एच. अकरा बेस हाय, हिरवागार."

"मग मगाशी हाय म्हणालात..."

"तुमी इचारलं, अकरा नंबर हाय का. जाग्यावर हाय म्हनून हाय म्हटलं. न्हाई म्हनू व्हय?"

मी हेडफोन काढला आणि पाणी प्यायले. माझं आजोळ सांगलीकडचं, लहानपणापासून हा 'हाय' ऐकत आले... आणि ऑफिसच्या खुर्चीत बसल्यावर माझ्या कानांनी इंग्रजीच ऐकलं.

मग ठरलं, 'हाय' हा शब्दच नको. जास्त आणि कमी म्हणायचं.

"लय म्हनलं तर चालंल का?" मामांनी विचारलं.

"लय चालेल."

"मग आयका. तीन नंबर लय, म्हनून तीन नंबर बंद करतो."

"बरोबर," मी म्हणाले. माझाच आवाज मला बाबांसारखा वाटला.

तीन नंबर टेस्टला लावला, अकरावरून काम सुरळीत चालू राहिलं. टेस्टमध्ये तीन नंबर नापास झाला. त्याची केबल रॅकच्या दारात चेपली होती. मामांनी नवी लावली, पुन्हा टेस्ट घेतली, पास झाली, पोर्ट चालू केला. वॉर्डात कुणाला काही कळलंसुद्धा नाही... आणि कळू नये यासाठीच तर सगळी धडपड होती.

संध्याकाळी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते पोटभर हसले. मग म्हणाले, "इस्लामपूरला गेलीस की मुजावर मामांना कंदी पेढे दे. माझ्याकडून."

"इस्लामपूरला गेले की मुजावर मामांना कंदी पेढे देते. तुमच्याकडून."

"बरोबर," बाबा म्हणाले.