गडग्याबाहेरचं सरकार

उजवा हात वरच्या बांबूवर ठेवायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "हितनंच बोला. मना आयकू येतंय." आमच्या शेजारच्या काकांची सरकारशी बोलायची ही पद्धत होती. सरकार म्हणजे कुणीही. मीटर बघायला येणारा मुलगा, तापाची चौकशी करणारी आशाताई, ग्रामपंचायतीचा शिपाई, तलाठी. सगळ्यांना एकच वागणूक.

रत्नागिरीहून मालगुंडकडे जाताना रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची वाडी आहे. प्रत्येक घराभोवती चिऱ्यांचा गडगा आणि गडग्यात बेडं, म्हणजे दोन खांबांच्या भोकांतून आडवे सरकवलेले बांबू. त्यांनी गुरं अडतात, माणूस काही अडत नाही. पण रीत अशी की बाहेर उभं राहून "येऊ काय?" म्हणून हाक मारायची. आतून "या" आलं की बांबू काढायचे आणि आत आल्यावर पुन्हा घालायचे. आम्ही बाकीचे ही रीत जमेल तशी पाळतो. काकांनी तिचा कायदाच केला होता.

"सरकार गडग्याच्या भायेर. आत मी," असं ते म्हणायचे आणि मिशीत हसायचे.

मीटरवाल्या मुलाला महिन्याच्या महिन्याला आत घ्यावं लागू नये म्हणून त्यांनी अर्ज करकरून मीटरच गडग्यावर आणून बसवला. पंचायतीने एका वर्षी ठरवलं की स्पर्धेसाठी रस्त्याकडची सगळी घरं गुलाबी रंगवायची. काकांनी निमूटपणे रंगाचा डबा घेतला आणि परसातला संडास गुलाबी केला. सरपंच चिडले, तेव्हा काका म्हणाले, "भाग घेतलाय की स्पर्धेत. बक्षीस मिळालं तर तिकडंच टांगा." वाडी आठवडाभर हसत होती. आशाताईला मात्र ते बेड्यावरूनच कोकम सरबत द्यायचे आणि तिच्या प्रश्नांची खरी उत्तरंही. आत न घेणं म्हणजे अपमान करणं नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावं.

त्यांची उभी हयात बोटीवर गेली होती. कुठल्याशा बंदरात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांची पेटी डेकवर उपडी केली होती. पेटीत काकूंची पत्रं होती. त्यांतलं एक दुभाष्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि सगळे हसले. पत्रात काय होतं ते काकांनी कधी सांगितलं नाही. "जे माज्या बायकोनं फक्त मना लिवलं, ते त्यानी आयकलं," एवढंच म्हणायचे. हे सांगायचे तेव्हा काकू जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

एकदा कुठल्याशा प्रकल्पाची माणसं आली आणि न विचारता आंब्याच्या कलमांच्या खोडांवर लाल खुणा करत सुटली. माझे यजमान तेव्हा नुकतेच वारले होते. मी शाळेत शिकवायला गेले होते, घरात मुलगी एकटी. काका धावत येऊन आमच्या बेड्यासमोर उभे राहिले. "मालकिणीला विचारलंत?" साहेब म्हणाला, आदेश आहे. "मग हितं उभा राहून वाचून दाकव. आणि मालकीण येईपर्यंत हितंच थांब." तो थांबला. उन्हात, मी येईपर्यंत. त्या दिवशी वाडीतल्या प्रत्येक बेड्याचे बांबू घट्ट बसले. पुढे रीतसर नोटिसा आल्या, सुनावणी झाली आणि आमच्या बाजूची आखणी सरकली. ताठ कसं उभं राहायचं हे आम्ही काकांकडे बघून शिकलो. मी तर वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना त्यांचंच उदाहरण द्यायचे.

माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणायची. ती चार फुटांचीही नव्हती तेव्हापासून काका आमच्या बेड्याशी थांबून तिला विचारायचे, "काय गो, येऊ काय?" मी घरात असले तरी तिलाच. ती कंबरेवर हात ठेवून विचार करायची आणि मग "या" म्हणायची. कधी मुद्दाम "नको" म्हणायची. काका खरोखर मागे फिरायचे, मग ती धावत जाऊन त्यांना आणायची.

वडील गेल्यावर ही पोर मिटून गेली. जेवेना, झोपेना, कॉलेजला जाईना. काकाच तिला एसटीने रत्नागिरीला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, पुढेही नेत राहिले. वाडीत कुणी विचारलं तर "दातांचं काम चाललंय" असं सांगायचे. आम्हा तिघांशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं. हळूहळू ती बरी झाली, शिकली, मांडवीजवळ एका दवाखान्यात नोकरीला लागली.

तिथेच तिचं जमलं. मुलगा मुसलमान, माझ्याच हाताखाली शिकलेला, गणितात कच्चा आणि स्वभावाने सोन्यासारखा. मी घाबरले, रडले, मग हो म्हणाले. धर्म कुणीच बदलायचा नव्हता, म्हणून रजिस्टर लग्न करायचं ठरलं. त्यासाठी साक्षीदार लागतात. मुलीने पहिलं नाव घेतलं ते आजोबांचं. ती स्वतः जाऊन विचारून आली. "काय म्हणाले?" मी विचारलं. "बघतंय म्हणाले," ती म्हणाली आणि हसली. आम्ही दोघींनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

हा कायदा तुम्हाला ठाऊक असेल. लग्न दोघांचं, पण कचेरीच्या फलकावर कागद लागतो आणि महिनाभर सगळ्या जगाला विचारलं जातं, कुणाची हरकत आहे काय? सज्ञान माणसांनी कुणाशी संसार करावा हे सरकारने भिंतीवर का टांगावं, मला कळत नाही. पण मी म्हटलं, राहू दे टांगलेलं. आपल्याला कोण हरकत घेणार?

हरकत काकांनी घेतली. मुलगी मनाने आजारी आहे, तिच्यावर उपचार झालेले आहेत, स्वतःचं भलंबुरं कळण्याच्या स्थितीत ती नाही. असं डॉक्टरांच्या नावासकट कचेरीत लेखी दिलं.

आम्हाला हे कळलं ते असं. रविवार होता, अंगणात आमसुलं वाळत घातली होती. बेड्याचे बांबू सरकल्याचा आवाज आला. हाक नाही, काही नाही. बघते तर काका आमच्या बेड्याचे बांबू एकेक काढून बाजूला ठेवत होते आणि त्यांच्या मागे हरकतीच्या चौकशीला आलेला हवालदार उभा होता. तो आमसुलं तुडवत आला आणि पडवीत बसून त्याने सरळ मुलीला विचारलं, "गोळ्या अजून चालू आहेत का?" गडग्यापलीकडे वाडीतल्या चार बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मुलीने हवालदाराकडे पाहिलंच नाही. "आजोबा," ती म्हणाली, "येऊ काय म्हणून विचारलंत नाय आज?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. "तुज्या भल्यासाठी केलं गो," म्हणाले.

मला राहवलं नाही. "काका, सरकार गडग्याच्या बाहेर ना?"

"घरातलं माणूस वाट चुकलं तर सरकारला आत घ्यावंच लागतं."

"तुमची पेटी उपडी करणाऱ्यांनाही असंच काहीतरी वाटलं असेल," मी म्हणाले. ते हवालदाराच्या आधीच निघून गेले आणि बांबू घालायचे विसरले. दुपारी कुणाची तरी गाय आत शिरली.

डॉक्टरांनी दाखला दिला. कचेरीत माझ्या मुलीला अनोळखी माणसांसमोर तिचं ते सगळं दुखणं पुन्हा सांगावं लागलं. हरकत फेटाळली गेली, लग्न झालं, आता दोघं अलोऱ्याला असतात. ती वाडीत येत नाही. मीच तिच्याकडे जाते.

परका कुणी हे करता तर मी भांडले असते आणि विसरले असते. पण ज्याने आम्हाला कुलूप शिकवलं त्यानेच किल्ली नेऊन दिली. पुष्कळ विचार केल्यावर मला एवढं उमगलं की काकांचं सरकारशी वाकडं कधी नव्हतंच. त्यांना फक्त स्वतःचा गडगा प्यारा होता. दुसऱ्याच्या गडग्याच्या आत सरकार शिरलं आणि ते आपल्या मनासारखं वागणार असलं, तर बांबू काढायला ते तयार होते. मी मुलांना इतकी वर्षं चुकीचं उदाहरण देत होते म्हणायचं.

त्यानंतर रोज संध्याकाळी काका आमच्या बेड्याशी येत. "येऊ काय?" मी आत भाकऱ्या थापत असे. उत्तर देत नसे. ते थोडा वेळ उभे राहत आणि परत जात. बांबू मात्र त्यांनी पुन्हा कधी सरकवला नाही. हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते, कारण ते खरं आहे. क्षमा म्हणून नव्हे.

परवा एका संध्याकाळी हाक आली नाही. सकाळीही त्यांचं दार उघडलं नाही. लोक जमले, कुणीतरी पोलिसांना कळवलं. तोच हवालदार आला. काकांच्या बेड्यासमोर येऊन थबकला, वाडीतल्या कुणीतरी त्याला कधीतरी बजावलं असणार. टोपी सारखी करत त्याने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, आत जाऊ का?"

माझ्या अंगणात येताना या माणसाने कुणालाच विचारलं नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. पुढे झाले, वरच्या बांबूवर हात ठेवला आणि हाक मारली, "काका, येऊ काय?"

संध्याकाळी ते माझ्या उत्तरासाठी जेवढे थांबत, तेवढी मी थांबले. हवालदारालाही थांबवलं. मग बांबू काढले.