ताटावरचं नाव

"लेखिकेनं आता गप्प बसायचं असतं," सर माइकवरून म्हणाले आणि सगळं सभागृह हसलं.

मी हात वर केला होता. तो तसाच राहिला. शेजारी आई बसली होती, नवं लुगडं नेसून. सगळे हसले म्हणून तीही हसली. ते मला जास्त लागलं.

जालन्याच्या एका कॉलेजात माझ्या कथेवर चर्चा होती. माझी पहिलीच छापलेली कथा. मी मंठ्याजवळच्या एका खेड्यात शाळेवर शिकवते. कथा आईच्या ताटाची. गावातल्या मोठ्या घरच्या लग्नाला एक बाई घरून स्वतःचं ताट घेऊन जेवायला जाते. ताटावर तिचं नाव कोरलेलं असतं.

सर सांगत होते, "हे ताट म्हणजे स्वावलंबन. आणि ते नाव बघा! अक्षरओळख नसलेली बाई स्टीलवर स्वतःचं नाव कोरून घेते. ही अस्मिता!" टाळ्या पडल्या. मी हात वर करून म्हटलं, "सर, ते तसं नाही." त्यावर त्यांनी मला ते गप्प बसायचं सुनावलं. वर म्हणाले, "कथा छापली की ती वाचकाची. तुझ्या मनात काय होतं, त्याच्याशी आम्हाला काय करायचंय?"

आता मनात काय होतं ते सांगते.

मी आठ वर्षांची होते. लग्न सरांच्या बहिणीचं होतं. सर आमच्याच गावचे, बागायतदाराच्या घरातले. लग्नाआधी सरांची आई आमच्या वस्तीच्या कडेला उभी राहून सांगून गेली, "आपापली ताटं आणा. अन् नाव टाकून आणा. आमच्यात मिसळली तर समदं बाटायचं." आईनं मंठ्याच्या बाजारात जाऊन ताटावर नाव टाकून आणलं. गयाबाई. तिला ते वाचताही येत नव्हतं. सगळं गाव जेवून उठल्यावर गोठ्यामागं आमची पंगत बसली. बुंदी वाढायला सर होते, तेव्हा कॉलेजात शिकायचे. ताटाला हात लागू नये म्हणून वरूनच टाकायचे. निम्मी मातीत गेली. आईनं ती वेचली, फुंकली आणि खाल्ली.

हे सगळं मी लिहिलं होतं. खर्डा पहिल्यांदा सरांनाच दाखवला. बी.ए.ला त्यांनीच मला शिकवलं, घरची पुस्तकं दिली, लिहायला बसवलं. मी त्यांना देव मानायचे. त्यांनी लाल पेनानं दोन परिच्छेद काढले. एक त्यांच्या आईच्या निरोपाचा, दुसरा बुंदी वाढणाऱ्याचा. म्हणाले, "सगळं सांगू नये, बेटा. वाचकाला जागा सोड." मला वाटलं, कलेतलं काही शिकवताहेत. मी जागा सोडली. त्या जागेवर येऊन सर स्वतःच बसले.

वाचकाशी माझं वाकडं नाही. कथा वाचून अंबडकडच्या एका बाईंचा फोन आला होता. महिन्यातले चार दिवस सासरी त्यांचं ताट वेगळं ठेवतात, म्हणून त्या रडल्या. माझ्या ते ध्यानीमनीही नव्हतं. तरी तो अर्थ त्यांचाच, मी तो हात जोडून घेतला.

चर्चा संपल्यावर बाहेर आईनं विचारलं, "ते सर आपल्याच ताटाचं बोलले का गं?"

"हो."

"मंग त्येंला म्हाईत न्हाई व्हय? तिथंच तर बुंदी वाढून राह्यले व्हते. मला बराबर याद हाय."

इतकी वर्षं शिकून मला जे म्हणता आलं नव्हतं, ते आई पायरीवर चप्पल घालता घालता म्हणाली.

तेवढ्यात सर कागद घेऊन आले. कथा पहिल्या वर्षाच्या पुस्तकात घ्यायची होती, सोबत त्यांची टीप. खाली प्रश्नही तयार होता: 'ताटातून व्यक्त होणारा स्वाभिमान स्पष्ट करा.' म्हणाले, "इथं सही कर बेटा. पोरं तुला वाचतील."

मी विचारलं, "सर, त्या दिवशी बुंदी कोण वाढत होतं?"

त्यांनी आईकडं पाहिलं. मग घड्याळाकडं. "जुनं उकरून काय मिळणार आहे आता?"

म्हणजे आठवत होतं. विसरले असते तर एकवेळ माफ केलं असतं. मी कागद परत दिला. सही केली नाही.

कथा पुन्हा लिहिली. काढलेले दोन्ही परिच्छेद जागच्या जागी घातले. कॉलेजात शिकणारा तो वाढपीही. पुस्तकात घ्यायची तर अशीच घ्या, नाहीतर राहू द्या. वाचणाऱ्यानं त्यातून हवा तो अर्थ काढावा, मी आडवी येणार नाही. पण जो त्या पंगतीत बुंदी वाढत होता, त्यानं आधी साक्ष द्यावी. अर्थाचं मग बघू.